पाकिटाचं पुन्हा पाकीट होईल का?

गेल्या अंकात पॅकेजिंगच्या प्लास्टिकबद्दल लिहिताना शेवटी रासायनिक पुनर्चक्रणाचा, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडून पुन्हा कच्चा माल मिळवण्याचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून ह्या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी पॅकेजिंगच्या फिल्मवर काम करणारी रसायनतज्ज्ञ. आधी लॅमिनेशनच्या प्रयोगशाळेत होते, नंतर प्लास्टिकचं तेल करणाऱ्या एका चाचणी-संयंत्रावर. माझी मतं ह्या दोन ठिकाणच्या कामातून बनली आहेत, हे वाचताना लक्षात असू द्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येतं, असं आम्ही मुलांना सांगतो. मग त्याचं रासायनिक विघटन कशासाठी करायचं? आणि ते नेमकं होतं कसं?

बाई, वितळवून जिथे काम भागतं तिथे वितळवावंच. पुढच्या सगळ्या उत्तरांमागे हेच मत आहे. पाण्याच्या स्वच्छ, एकाच रंगाच्या बाटल्या गोळा झाल्या की त्यांचे बारीक तुकडे करतात, कॉस्टिक सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतात, सुकवतात आणि एक्स्ट्रूडरमधून वितळवून दाणा पाडतात. पॉलिमरची, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब रेणूची, साखळी बनवायला लागलेली ऊर्जा ह्यात वाया जात नाही, आणि हा मोठाच फायदा आहे.

अडचण पुढे येते. प्रत्येक वितळवणीत उष्णता, घर्षण आणि हवा ह्यांचा मारा बसतो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटून आखूड होतात, पॉलिइथिलीनच्या एकमेकींत गुंतून गाठी धरतात. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, नीट सुकवलेलं नसेल तर उरलेला ओलावाच त्याच्या साखळ्या कापतो. शाई, रंग, वास, चिकटद्रव्य हे सगळं दाण्यात उतरतं ते वेगळंच. म्हणून छापील पाकिटांच्या दाण्यापासून फार तर कुंड्या, पाइप, बाकं होतात. पुन्हा खाद्यपदार्थाचं पाकीट होत नाही. २०१७ मध्ये गेयर, जॅमबेक आणि लॉ ह्या तीन संशोधकांनी जगभरच्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. २०१५ सालापर्यंत जमा झालेल्या सगळ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच पुनर्चक्रणात गेला होता. त्याच हिशेबातले दोन आकडे मुलांना जरूर सांगा : २०१५ ह्या एका वर्षात पॅकेजिंगसाठी सुमारे १४ कोटी ६० लाख टन प्लास्टिक तयार झालं, आणि त्याच वर्षी पॅकेजिंगचं सुमारे १४ कोटी १० लाख टन प्लास्टिक कचऱ्यात गेलं.

आता रसायनाकडे येते. पीईटीची साखळी आगगाडीसारखी आहे असं समजा. दर डब्यानंतर जोडणीची कडी आहे. ती सोडवली की डबे जसे होते तसे सुटे होतात. ही कडी म्हणजे एस्टर बंध. पाणी, मिथेनॉल किंवा ग्लायकॉल घालून तो उघडता येतो. पॉलिइथिलीन मात्र अखंड गजासारखं आहे. त्यात सगळीकडे कार्बन-कार्बन बंधच आहेत, सगळे सारख्याच ताकदीचे, त्यामुळे ते उष्णतेने तोडलं की कुठेही तुटतं आणि लहानमोठे तुकडे पडतात. रासायनिक पुनर्चक्रणाबद्दलच्या निम्म्या वादांचं मूळ ह्या एका फरकात आहे. बातम्यांमध्ये दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली येतात, आणि एकीचं यश दुसरीच्या खात्यावर जमा होतं.

पीईटीचा हिशेब फळ्यावर मांडण्याइतका नेमका आहे. १९२ किलो पीईटी आणि ३६ किलो पाणी ह्यांची पूर्ण क्रिया झाली तर १६६ किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ६२ किलो इथिलीन ग्लायकॉल मिळतं. डावीकडे २२८, उजवीकडेही २२८. हे दोन्ही पदार्थ शुद्ध करून पुन्हा जोडले की तयार होणारं पीईटी तेलापासून केलेल्या नव्या पीईटीपेक्षा वेगळं ओळखता येत नाही. पाण्याऐवजी मिथेनॉल वापरलं तर डायमिथाइल टेरेफ्थॅलेट मिळतं, ते शुद्ध करायला सोपं. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्टला ईस्टमन कंपनीचा असा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे १ लाख १० हजार टन ही त्याची क्षमता आहे. म्हणजे ही गोष्ट प्रयोगशाळेच्या बाहेर पडली आहे.

पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीनसाठी मार्ग पायरोलिसिसचा. बंद भांड्यात, ऑक्सिजन येऊ न देता, साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला प्लास्टिक तापवायचं. साखळ्या तुटतात, वाफ होते, ती थंड केली की तेल आणि मेण मिळतं. न निवणारा वायू आणि तळाशी उरणारा काजळीसारखा कोळसा हे त्याच्यासोबत येतातच. हे तेल स्वच्छ करून नॅफ्थाबरोबर (खनिज तेलातला हलका भाग) स्टीम क्रॅकर नावाच्या भट्टीत घालतात. तिथे ८०० अंशांच्या वर त्याचं इथिलीन, प्रॉपिलीन होतं, आणि त्यांपासून पुन्हा दाणा. रस्ता फार लांबचा आहे. पॉलिस्टायरीन ह्या दोघांच्या मधे बसतं : तापवल्यावर त्यातून स्टायरीन बऱ्याच मोठ्या प्रमाणात परत मिळतं. अॅक्रिलिकच्या बाबतीत तर ९० टक्क्यांच्याही वर मोनोमर (साखळीचा सुटा मूळ रेणू) परत येतो, पण अॅक्रिलिकचं पॅकेजिंग कुठे फारसं असतं?

प्रश्न : मॅडम, मी एका पॅकेजिंग कंपनीच्या विकास विभागात नुकताच रुजू झालो आहे. बहुथरी लॅमिनेटऐवजी एकाच पॉलिमरचं पाउच करावं, असं मी सुचवलं. वरिष्ठ म्हणाले, "रासायनिक पुनर्चक्रण येतंय, त्यात सगळं चालतं, आता रचना बदलायची घाई कशाला?" हे बरोबर आहे का?

नाही, आणि हे मी तुमच्यापेक्षा तुमच्या वरिष्ठांसाठी सविस्तर लिहिते.

तुमच्या टेबलावर असणारं नेहमीचं पाउच घ्या : बाहेर १२ मायक्रॉन पीईटी, मधे ७ मायक्रॉन अॅल्युमिनियम फॉइल, आत ५० मायक्रॉन पॉलिइथिलीन, आणि थर जोडणारं पॉलियुरेथेन चिकटद्रव्य. एका चौरस मीटरचं वजन करा. पीईटी सुमारे १७ ग्रॅम, फॉइल १९, पॉलिइथिलीन ४६, शाई आणि चिकटद्रव्य मिळून साधारण ६. एकूण ८८ ग्रॅम. ह्यातलं जे चांगलं तेल होऊ शकतं ते फक्त पॉलिइथिलीन, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. फॉइल कोळशात राहतं. ते वेगळं काढता येतं, पण त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. आणि पीईटी नुसतं वाया जात नाही, ते त्रास देतं. त्याच्या वजनाचा एक तृतीयांश भाग ऑक्सिजनचा आहे. पायरोलिसिसमध्ये त्यातून बेंझोइक आणि टेरेफ्थॅलिक आम्लं तयार होतात, आणि ती थंड नळीत घन होऊन बसतात.

हे मी पाहिलेलं आहे. आमच्या चाचणी-संयंत्रावर मालात पीईटी जरा वाढलं की कंडेन्सरच्या तोंडाशी पांढरी भुकटी साचायची, दाब चढू लागायचा आणि भट्टी बंद करून नळ्या उघडाव्या लागायच्या. पॉलिइथिलीन जास्त असेल तर वेगळी तऱ्हा : जड मेण नळीतच थिजायचं, म्हणून वाफेच्या सगळ्या नळ्यांना बाहेरून तापवणाऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या असत. मेणाचा बंदोबस्त करता येतो. आम्लाचा करायचा तर एकच खात्रीचा उपाय असतो : पीईटी आत येऊ न देणं.

क्लोरीन त्याहून वाईट. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. १०० किलो मालात फक्त १ किलो पीव्हीसी शिरलं तर ५७० ग्रॅम क्लोरीन आलं, म्हणजे ५,७०० पीपीएम (दहा लाख भागांत ५,७०० भाग). क्रॅकरवाले तेलात क्लोरीन अगदी थोडे पीपीएमच चालवून घेतात, कारण ते पुढे पोलाद खातं. बरंचसं क्लोरीन ३०० अंशांच्या आसपास हायड्रोजन क्लोराइड होऊन आधीच बाहेर काढता येतं, पण उरलेलं काढायला हायड्रोजन आणि उत्प्रेरक खर्ची पडतात. तुमच्या विभागासाठी ह्यातली महत्त्वाची बाब पीव्हीडीसीचा लेप. वास आणि हवा रोखायला तो उत्तम आहे, मी स्वतः त्याच्या चाचण्या घेतल्या आहेत, पण पीव्हीडीसीमध्ये क्लोरीन ७० टक्क्यांच्याही वर असतं. लेप पातळ, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही. भट्टीला तो कळतो. नायलॉनचा थर असेल तर नायट्रोजन येतं, आणि तेही तेल शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला मानवत नाही.

म्हणजे पायरोलिसिसला "सगळं चालतं" हे खरं नाही. त्याला लागतो शक्य तितका शुद्ध पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचा माल, आणि तुम्ही सुचवलेलं पाउच नेमकं तेच आहे. यंत्राच्या दिशेने ताणलेली पॉलिइथिलीनची फिल्म बाहेर, साधं पॉलिइथिलीन आत, आणि हवा रोखायला मधे ईव्हीओएचचा ५ टक्क्यांच्या आतला थर किंवा सिलिकॉन ऑक्साइडचा नॅनोमीटर जाडीचा लेप. असं पाउच वितळवणाऱ्याला चालतं, तेल करणाऱ्यालाही चालतं. दोन्ही दारं उघडी राहतात. बहुथरी पाउचने पहिलं दार बंद होतं, आणि दुसरं उघडं आहे असं तुमच्या वरिष्ठांना वाटतं आहे, एवढंच.

सगळीच पाकिटं बदलता येणार नाहीत, हेही मला मान्य आहे. जी पाकिटं १२० अंशांच्या आसपास निर्जंतुक करतात, ज्यांत औषध आहे, ज्यांना दोन वर्षं टिकायचं आहे, त्यांच्यासाठी आज फॉइलला तोडीस तोड पर्याय सहज मिळत नाही. अशांसाठी थर वेगळे करण्याच्या पद्धतींवर लक्ष ठेवा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली : एकामागून एक वेगळे द्रावक वापरून बहुथरी फिल्ममधलं पॉलिइथिलीन, ईव्हीओएच आणि पीईटी सुटं काढायचं. ह्यात साखळी तुटत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने हे रासायनिक पुनर्चक्रण नाही. पण पॅकेजिंगसाठी मला ह्याच दिशेकडून जास्त आशा आहे. द्रावक किती टक्के परत मिळतो आणि फिल्ममध्ये किती मागे राहतो, ह्यावर सगळं ठरेल.

वरिष्ठांना एक कागद दाखवा : पाउचच्या प्रत्येक थराचं वजन, आणि समोर तो थर पायरोलिसिसमध्ये कुठे जाईल ते. तेल, कोळसा, वायू की नळीतली भुकटी. वाद घालण्यापेक्षा ह्याचा उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : कचऱ्यातल्या प्लास्टिकपासून केलेल्या पाकिटात खाद्यपदार्थ ठेवणं सुरक्षित आहे का?

मोनोमरपर्यंत जाऊन परत बांधलेलं असेल तर हो. मोनोमर स्फटिक करून किंवा ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात, आणि ह्या शुद्धीकरणात मूळ कचऱ्यातली शाई, तेल, वास मोनोमरपासून वेगळे होऊन मागे राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची पीईटीबद्दलची भूमिका हीच आहे : मिथेनॉल किंवा ग्लायकॉलने विघटन करून परत केलेलं पीईटी इतकं शुद्ध होतं की त्या प्रक्रियांची प्रत्येक वेळी वेगळी छाननी ते आता करत नाहीत. क्रॅकरमधून आलेल्या इथिलीनलाही आधीच्या आयुष्याची आठवण नसते.

वितळवून केलेल्या दाण्याची गोष्ट वेगळी. तिथे मुद्दाम टोल्यूइन, क्लोरोबेंझीनसारखी रसायनं प्लास्टिकमध्ये मुरवतात आणि प्रक्रियेनंतर ती किती उरली ते मोजतात. पीईटी ह्या परीक्षेत चांगलं उतरतं, कारण ते बाहेरचे रेणू फारसे शोषत नाही. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन शोषून घेतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटासाठी ह्या दोघांना रासायनिक मार्ग दाखवतात तो ह्यासाठीच.

प्रश्न : मी पर्यावरणाच्या कामात आहे. हे सगळं प्रकरण म्हणजे प्लास्टिक जाळण्याला दिलेलं गोंडस नाव आहे, असं आमच्यातल्या अनेकांचं मत आहे. कंपन्या म्हणतात पुनर्चक्रण, आणि होतं इंधन. तुमचं प्रामाणिक मत काय?

तुमचा राग बऱ्याच अंशी रास्त आहे, पण त्याचा नेम नीट साधायला हवा. पीईटीचं विघटन म्हणजे जाळणं नव्हे. वरचा १९२ किलोंचा हिशेब पाहा. नायलॉन-६ चंही तसंच, त्याचं कॅप्रोलॅक्टम होऊन पुन्हा नायलॉन होतं आणि हा व्यवसाय बरीच वर्षं चालू आहे. जपानमध्ये कावासाकीला २००३ पासून वापरलेल्या प्लास्टिकच्या वायूकरणातून हायड्रोजन काढून अमोनिया बनवतात. त्यात प्लास्टिकचं पुन्हा प्लास्टिक होत नाही, पण ते इंधनही नाही. कामाचं रसायन होतं, आणि तसंच ते सांगितलं जातं. माझी त्याला हरकत नाही.

प्रश्न आहे तो पायरोलिसिसचा, आणि तिथे मी एकच मोजमाप मानते : किती किलो परत पॉलिमर झाले? ढोबळ हिशेब करू. चांगला निवडलेला १०० किलो माल घेतला. त्यातून ७० किलो तेल निघालं असं धरा, हा चांगला उतारा आहे. उरलेल्या ३० किलोंत कोळसा आणि वायू; वायू बहुधा भट्टी तापवायलाच जळतो. ७० किलो तेल क्रॅकरमध्ये गेलं. नॅफ्थासारखाच उतारा धरला तर सुमारे ३० टक्के इथिलीन आणि १५ टक्के प्रॉपिलीन मिळेल. म्हणजे २१ अधिक साडेदहा, साधारण ३१ किलो. बाकीच्यातून ब्युटाडाईन, बेंझीन अशी उपयोगी रसायनं निघतात आणि बराच भाग इंधन होतो. पाकिटाकडे परत आले ते १०० पैकी ३१. वितळवणीच्या चांगल्या कारखान्यात ह्याच्या दुपटीहून जास्त माल दाणा होऊन बाहेर पडतो. ह्या फरकामुळेच वितळवता येण्यासारखा माल पायरोलिसिसकडे वळवायला माझा विरोध आहे. आणि हे तेल क्रॅकरमध्ये न जाता डिझेलमध्ये मिसळलं, तर परत आले शून्य. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचरा-निर्देशातली व्याख्या इथे स्वच्छ आहे : इंधन म्हणून वापरण्यासाठी केलेली प्रक्रिया पुनर्चक्रणात धरायची नाही. ही व्याख्या प्रत्येक देशाने उचलावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मुद्दा 'मास बॅलन्स' हिशेबाचा. त्याबद्दल तुमच्यासह अनेकांनी विचारलं आहे. एका क्रॅकरमध्ये ९९० टन नॅफ्था आणि १० टन प्लास्टिकचं तेल एकत्र गेलं, तर बाहेर येणाऱ्या प्रत्येक थेंबात पुनर्चक्रित भाग सुमारे एक टक्का असतो. रेणू वेगळे ओळखता येत नाहीत. मास बॅलन्समध्ये तो सगळा भाग कागदावर एकाच ग्राहकाच्या दाण्याला जोडतात, आणि ते पाकीट पुनर्चक्रित म्हणून विकलं जातं. आयएससीसी प्लस हे अशा हिशेबांचं प्रचलित प्रमाणपत्र आहे. हिशेबाची ही रीत मला मुळात चुकीची वाटत नाही. एवढे मोठे क्रॅकर एका रात्रीत फक्त प्लास्टिकच्या तेलावर चालणार नाहीत. थोडंथोडं मिसळतच सुरुवात होणार. पण दोन अटी हव्यात. जेवढा भाग इंधन झाला तेवढा हिशेबातून आधीच वजा करायचा. आणि पाकिटावर छापताना हा भाग हिशेबाने जोडलेला आहे, ह्या पाकिटात प्रत्यक्ष मोजलेला नाही, हे लिहायचं. ह्या दोन अटी टाळल्या की ग्राहकाची फसवणूक होते, आणि मी ती फसवणूकच म्हणेन.

ह्यावर न्यायालयांतही लढाई सुरू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी एक्सॉनमोबिलवर दावा दाखल केला, आणि 'प्रगत पुनर्चक्रणा'बद्दलची कंपनीची विधानं हा त्यातला एक मुद्दा आहे. कंपनीने आरोप नाकारले आहेत. दुसरीकडे कायदा ह्या तंत्रज्ञानाला ढकलतोही आहे. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्तित्वात आला. खाद्यपदार्थासारख्या नाजूक वस्तूंना लागून असणाऱ्या, पीईटी सोडून इतर प्लास्टिकच्या पॅकेजिंगमध्ये २०३० पर्यंत १० टक्के आणि २०४० पर्यंत २५ टक्के पुनर्चक्रित भाग असावा, असं तो सांगतो. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत हे नुसत्या वितळवणीने गाठणं अतिशय अवघड आहे. म्हणून ह्या व्यवसायात पैसा येत राहील. तुमच्यासारख्यांनी तिथे बसून किलोंचा हिशेब मागावा, ही माझी विनंती आहे. विरोध करून बाहेर राहिलात तर हिशेबाचे नियम दुसरेच लोक लिहितील.

प्रश्न : प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडल्याची बातमी दर काही दिवसांनी येते. मग समुद्रातलं, डोंगरावरचं प्लास्टिक ते खाऊन का टाकत नाहीत?

कारण त्यांना जे खाता येतं ते फार थोडं आहे. २०१६ मध्ये जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्चक्रणाच्या जागी मिळालेल्या नमुन्यांतून इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू सापडला. त्याने पीईटीची पातळ, अस्फटिक (साखळ्या विस्कळीत असलेली) फिल्म ३० अंशांना सुमारे सहा आठवड्यांत फस्त केली. शोध सुंदर आहे, पण बाटलीचं पीईटी बऱ्यापैकी स्फटिकी असतं आणि तिथे जिवाणूच्या विकराला (एन्झाइमला) शिरकाव मिळत नाही.

खरी झेप २०२० मधली. पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेलं एक विकर घेऊन फ्रान्समधल्या संशोधकांनी कार्बिओस कंपनीबरोबर त्यात बदल केले. ते ७२ अंशांना काम करतं, आणि १० तासांत किमान ९० टक्के पीईटीचं मोनोमरमध्ये विघटन झालं. त्याआधी पीईटी वितळवून झटकन थंड करून अस्फटिक करावं लागतं आणि दळावं लागतं. त्यात ऊर्जा जाते. विघटनात आम्ल सुटत राहतं, ते शमवायला अल्कली घालावी लागते, आणि शेवटी क्षारांचा ढीग उरतो. ह्या क्षारांचं काय करायचं हा प्रश्न मला विकराच्या वेगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि पुन्हा तोच फरक : हे सगळं पीईटीबद्दल आहे. पाकिटांत सर्वांत जास्त असणाऱ्या पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनला असं झटपट तोडणारं विकर उद्योगाच्या हाती आलेलं नाही.

प्रश्न : घरातली पाकिटं धुऊन, निवडून द्यावीत का? शेवटी सगळं एकत्रच होणार असेल तर काय उपयोग?

ताई, धुण्यापेक्षा कोरडं देणं जास्त महत्त्वाचं. ओलं अन्न चिकटलेलं पाकीट शेजारची दहा पाकिटंही खराब करतं. पाणी वाया घालवून चकचकीत करू नका. रिकामं करा, पुसा किंवा भांड्यांच्या उरलेल्या पाण्यातून काढा आणि सुकवा. बाटल्या वेगळ्या ठेवा, कारण त्यांचं पुनर्चक्रण सर्वांत चांगलं होतं. 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी किंवा पेला मात्र ह्यांच्यात टाकू नका. त्यातलं पीएलए हे वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक पीईटीसारखं दिसतं, पण पीईटीच्या वितळवणीच्या तापमानाला टिकत नाही आणि अख्खा दाणा पिवळा पाडतं.

प्रश्न : ताई, मला लहान पायरोलिसिस यंत्र घेऊन व्यवसाय सुरू करायचा आहे. विक्रेता म्हणतो, कुठलंही प्लास्टिक टाका, डिझेल काढा. घेऊ का?

आज तुम्ही जे वर्णन केलंत त्या रूपात घेऊ नका. पत्रात तुमची तळमळ दिसते, म्हणून कारणं स्पष्ट लिहिते.

भट्टीतून येतं ते डिझेल नव्हे. त्यात पेट्रोलसारख्या हलक्या अंशापासून मेणापर्यंत सगळं मिसळलेलं असतं. हलक्या अंशामुळे ते साध्या तापमानालाही पेट घेऊ शकतं. त्यातले असंतृप्त रेणू पिंपात ठेवल्या ठेवल्या जुळत जातात, तेल काळवंडतं, तळाशी डिंक साचतो, आणि तेच इंजिनात गेलं की फिल्टर आणि नोझल बसतात. गरम भांडं उघडताना आत हवा शिरली तर आतली वाफ स्फोट करू शकते. गरम कोळसा हवेत आला की आपोआप पेटतो. आमच्या संयंत्रावर भांडं पूर्ण थंड होऊन नायट्रोजनने धुतल्याशिवाय झाकणाला हात लावायची कुणालाही मुभा नव्हती. लहान यंत्रांत जागा आणि पैसे वाचवायला नेमक्या ह्याच गोष्टी गाळलेल्या असतात. "कुठलंही प्लास्टिक" म्हणजे पीव्हीसीही आलं, आणि मग आम्लाची वाफ तुमच्या कामगारांच्या छातीत जाणार.

तुमच्याकडे जागा, माणसं आणि थोडं भांडवल आहे, तर निवडणं, धुणं आणि गठ्ठे बांधणं ह्या कामाचा विचार करा. वितळवणारे असोत की तेल करणारे, सगळ्यांना पीव्हीसी आणि पीईटी वेगळं काढलेला, कोरडा, पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनचा माल हवा असतो, आणि त्याचीच टंचाई असते. काळ्या प्लास्टिकसाठी वेगळा कोपरा ठेवा. मोठ्या कारखान्यांतली अवरक्त किरणांची निवड-यंत्रं काजळीने रंगवलेलं प्लास्टिक ओळखू शकत नाहीत. माणसाचा सरावलेला हात बऱ्याचदा ओळखतो.

तरीही यंत्रच घ्यायचं असेल, तर किमतीची बोलणी करण्याआधी विक्रेत्याकडून तीन कागद लेखी मागा. १०० किलो मालामागे तेल, मेण, वायू, कोळसा किती, ह्याचा वजन करून केलेला तक्ता, आणि माल नेमका कोणता होता ते. तेलातलं क्लोरीन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन किती, ह्याचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल. आणि ते तेल आज प्रत्यक्ष विकत घेणाऱ्या कारखान्याची खरेदीची अट. तिन्ही मिळाले तर त्यांच्या प्रती ह्या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून कळवीन.